बाजूच्या सीटवरून

आईला गाडी लागते. मला कळायला लागलं तेव्हापासून लागते. कुठे जायचं ठरलं की बॅग भरायच्या आधी ती गोळी शोधणार, पर्समध्ये घडी घातलेल्या दोन पिशव्या ठेवणार, आणि निघाल्यावर खिडकीची काच चार बोटं खाली करून डोळे मिटून बसणार. घरात आम्ही सगळ्यांनी हे तिचंच आहे असं धरून टाकलं होतं, एखाद्याची उंची असते किंवा आवाज असतो तसं, त्यात दुसऱ्या कोणाचा काही संबंध असू शकतो असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मला गाडी चालवायला लागून पंधरा वर्षं झाली, त्यातले कितीतरी तास ती माझ्या बाजूच्या सीटवर ओठ घट्ट दाबून बसलेली असेल, आणि मी एकदाही माझ्या उजव्या पायाकडे बघितलं नाही.

क्रूझ कंट्रोल, म्हणजे पाय न लावता गाडीचा वेग एकसारखा धरून ठेवणारी सोय, मी तिच्यासाठी वापरायला लागलो असं मात्र नाही, ते आधीच सांगतो. माझी पोटरी दुखायची म्हणून लागलो. तीन तास सलग चालवलं की उजव्या पोटरीपासून गुडघ्याच्या मागपर्यंत एक ओढ बसायची, कारण ॲक्सिलरेटरवर पाय म्हणजे पूर्ण टेकवलेलाही नाही आणि उचललेलाही नाही, टाच जमिनीवर आणि चवडा अधांतरी, अशा अवस्थेत तासन्‌तास धरून ठेवायचा. गाडीत ते बटण पहिल्या दिवसापासून होतं, स्टिअरिंगवरच, स्पीडोमीटरचं छोटंसं चित्र असलेलं, आणि मी दोन वर्षं त्याला हात लावला नव्हता कारण वेग दुसऱ्याच्या हातात द्यायचा ही कल्पनाच पोटात गोळा आणणारी.

पहिल्यांदा लावलं ती सकाळ अगदी नीट लक्षात आहे. रस्ता सरळ, रिकामा, कोरडा. वेग ८० वर आणला, मेन बटण दाबलं, डॅशबोर्डवर दिवा लागला, मग अंगठ्याने सेट दाबलं आणि पाय उचलला. पाय उचलला की गाडी जराशी मागे ओढली जाते, हे शरीराला इतकं पाठ झालेलं असतं की मान आपोआप त्या झोक्याची तयारी करते. आणि तो झोका आलाच नाही! इंजिनाचा आवाज तसाच, काटा तसाच, रस्ता तसाच अंगावर येतोय आणि माझा पाय हवेत. जिन्याची एक पायरी अजून आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथे सपाट जमीन लागावी, तसं काहीतरी झालं. मग पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न. पंधरा वर्षं त्याला एक काम होतं. मी तो मागे घेतला, सीटजवळ दुमडला, लगेच अस्वस्थ वाटून पुन्हा पुढे नेला, आणि शेवटी ब्रेकच्या समोर टाच टेकवून ठेवला. तिथेच तो आजही असतो, आणि ते का, ते पुढे सांगतो.

आई बरोबर होती तो प्रवास त्यानंतर महिनाभराने झाला. सकाळी लवकर निघालो, मोकळा रस्ता लागला तसं ८५ वर सेट केलं. साधारण दोन तासांनी माझ्या लक्षात आलं की ती बोलतेय. कोणाच्या तरी लग्नाचं, कोणाच्या तरी घराच्या रंगाचं, अगदी साधं काहीतरी, पण डोळे उघडे ठेवून, बाहेर बघत बोलतेय. उतरल्यावर म्हणाली, "अरे, आज लागलीच नाही बघ गाडी." मी म्हटलं गोळी बदलली असशील. तिने गोळी तीच घेतली होती. परतीच्या वाटेवरही तसंच झालं, आणि मग ती जे म्हणाली ते माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. "तू हल्ली वेगळी चालवतोस."

आईने आयुष्यात कधी स्टिअरिंग धरलेलं नाही. क्रूझ कंट्रोल म्हणजे काय हेही तिला माहीत नव्हतं. तिने फक्त अंगाने ओळखलं.

त्या रात्री एकटाच पुन्हा बाहेर पडलो, क्रूझ बंद ठेवलं आणि स्वतःकडे बघत चालवलं. ८५ धरून ठेवायचं ठरवलं होतं. काटा ८५ वरून ९१ वर गेला, लक्षात आल्यावर मी पाय सोडला, तो ८० च्या खाली उतरला, मग मी परत दाबलं, ९० झाले, परत सोडलं. पुढे ट्रकचे लाल दिवे दिसले की पाय उठायचा, ट्रक बाजूला पडला की पाय बसायचा, आणि मी मनातल्या मनात काही बोलत असलो, ऑफिसचं काहीतरी, तर त्या बोलण्याच्या तालावरसुद्धा पाय वरखाली होत होता. मला यातलं काहीही जाणवत नव्हतं, कारण दाबणारा मीच. दाबायच्या आधीच माझ्या शरीराला माहीत असतं की आता पुढे ढकललं जाणार आहे. बाजूच्या सीटवरच्या माणसाला ते माहीत नसतं. त्याला नुसता हेलकावा मिळतो, कारण न कळता.

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग आहे त्याला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. डोळे मिटले आणि गाडी एका सरळ रेषेत ठरलेल्या वेगाने चालली असेल तर त्याच्या दृष्टीने तुम्ही घरात खुर्चीवर बसलेले आहात. त्याला छळतात ते हळू, पुन्हापुन्हा येणारे हेलकावे, साधारण पाच सेकंदांत एक अशा चालीचे तर सगळ्यात जास्त. माझा पाय दाब-सोड करत होता तो जवळपास त्याच संथ चालीने. पंधरा वर्षं.

याच्यानंतर मी क्रूझ कंट्रोलबद्दल जमेल तसं वाचत गेलो आणि त्यात राल्फ टीटर हा माणूस सापडला, तेव्हा खरं सांगतो, काही वेळ पुढचं वाचवेना. क्रूझ कंट्रोल ज्याच्या डोक्यातून निघालं तो माणूस अंध होता. १८९० सालचा जन्म, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. पाच वर्षांचा असताना सुरीचं टोक एका डोळ्याला लागलं आणि पुढे वर्षभराच्या आत दुसऱ्या डोळ्याचीही नजर गेली. तरी १९१२ साली पेनसिल्वेनिया विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला. पहिल्या महायुद्धात विनाशिकांच्या स्टीम टर्बाइनचे फिरणारे अवजड भाग नेमके बॅलन्स कसे करायचे हे काम अडलं होतं, त्यात त्याच्या बोटांनी मार्ग काढला. पुढे पिस्टन रिंग बनवणाऱ्या 'परफेक्ट सर्कल' कंपनीचा प्रमुख झाला, आणि १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या सोसायटीचा अध्यक्षही.

पण माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. टीटर गाडी चालवत नव्हता, तो बाजूला बसायचा. त्याचा एक पेटंट वकील होता, तो त्याला गाडीतून घेऊन जायचा, आणि त्या वकिलाची सवय अशी की स्वतः बोलायला लागला की गाडी हळू व्हायची आणि समोरच्याचं ऐकायला लागला की परत वेग घ्यायची. रस्ता दिसत नसलेल्या माणसाला त्या प्रवासातलं काय मिळत असेल तर फक्त हे धक्के. पुढे, मागे, पुढे, मागे. त्यातून त्याने ठरवलं की वेग एकसारखा ठेवणारं काहीतरी करायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोल आणि टायरचं रबर वाचवायला अमेरिकेत ताशी ३५ मैल, म्हणजे साधारण ५६ किलोमीटरची मर्यादा घातली होती, तेव्हाही वेग बांधून ठेवायची गरज सगळ्यांना दिसत होतीच. पेटंट १९५० मध्ये मिळालं, आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांमध्ये ते 'ऑटो-पायलट' नावाने आलं. क्रूझ कंट्रोल हे नाव नंतर कॅडिलॅकने दिलं आणि तेच चिकटलं.

म्हणजे हे यंत्र ड्रायव्हरच्या पोटरीसाठी जन्माला आलेलं नाही. ते बाजूच्या सीटवरून आलंय. आजच्या जाहिरातींत बघा, सगळीकडे ड्रायव्हरचा आराम, ड्रायव्हरचा थकवा, आणि ज्याच्या हाडांना या यंत्राची गरज पहिल्यांदा कळली तो माणूस स्टिअरिंगच्या मागे नव्हताच. मला हे फार मोठं वाटतं.

टीटरच्या सुरुवातीच्या रचनेत वेग धरून ठेवलाही जात नव्हता. ठरलेल्या वेगाला पोचलं की ॲक्सिलरेटरचं पेडल उलटं पायाला दाब द्यायचं, बस झालं म्हणून. वेग लॉक करून पाय काढून घ्यायची सोय नंतर आली. आत गव्हर्नरची, म्हणजे फिरणाऱ्या वजनांनी वेग आपोआप आवरायची युक्ती होती, जी जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला लावली होती. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि इंजिनाला मिळणारा पुरवठा आवळला जातो, वेग उतरला की वजनं आत येतात आणि पुरवठा सैल होतो. साधं वाटतं, पण गव्हर्नर जास्तच उतावळा झाला तर तो चूक सुधारताना दुसऱ्या बाजूला वाहवत जातो, मग ती सुधारताना परत इकडे. इंजिन डुलत राहतं, थांबतच नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये या डुलण्याच्या गणितावर एक पेपर लिहिला होता. त्याबद्दल वाचताना माझ्यासमोर वाफेचं इंजिन आलं नाही, माझा काटा आला, ९१, ८०, ९०. उशिरा लक्षात येणं आणि मग गरजेपेक्षा जास्त करणं, एवढंच त्या डुलण्याचं मूळ. आजच्या गाडीतला कॉम्प्युटर हेच काम करताना तीन गोष्टी बघतो: आत्ता वेग किती चुकलाय, किती वेळापासून चुकत आलाय, आणि चूक वाढतेय की घटतेय. त्या तिन्हींचा मेळ घालून तो थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, केसभर उघडतो किंवा केसभर मिटतो, सेकंदात कितीतरी वेळा. तिथे हेलकावा तयार व्हायला जागाच राहत नाही.

पेट्रोलचं म्हणाल तर सपाट रस्त्यावर फरक पडतो, पण तो नुसता यंत्रामुळे नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०० चे १२० केले की तो १.४४ पट होतो, आणि माझ्यासारख्याचा पाय नकळत वरच सरकत असतो. क्रूझ ते सरकणं थांबवतं. घाटात मात्र उलट. चढ दिसला की माणसाचा पाय आधीच थोडा दाबतो आणि माथ्याजवळ थोडा सोडून देतो, पाच-दहा कमी झाले तर होऊ देतो. साध्या क्रूझला चढ दिसत नाही, त्याला फक्त वेग पडलेला कळतो, मग ते घाईने गिअर खाली टाकतं, इंजिन ओरडतं, आणि आई डोळे उघडते. म्हणून चढ-उताराच्या रस्त्यावर मी लावत नाही. वळणांवर नाही, गर्दीत नाही, झोप येत असेल तर अजिबात नाही, कारण पायाचं ते बारीक काम कंटाळवाणं असलं तरी तेच माणसाला थोडं जागं ठेवत असतं. आणि पावसात तर नाहीच. रस्त्यावर पाण्याचा थर असला की टायर त्यावर तरंगायला लागू शकतो, तिथे पाय लगेच हलका व्हायला हवा, आणि यंत्र मात्र दिलेला वेग धरून ठेवायला बघत असतं.

आता पायाच्या जागेबद्दल. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. पाय सीटखाली दुमडलेला असेल आणि तो ब्रेकपर्यंत आणायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेली. १४ मीटर म्हणजे तीन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी पुरतात. म्हणून टाच ब्रेकसमोर.

गेल्या वर्षी गाडी बदलली. हिच्यात पुढच्या गाडीचं अंतर बघून स्वतःच हळू होणारं क्रूझ आहे, ॲडॅप्टिव्ह. लेझर लावून असं करणारी गाडी मित्सुबिशीने १९९५ मध्ये आणली होती, रडारवालं मर्सिडीजने १९९९ मध्ये, आता ते बऱ्याच गाड्यांत असतं. आईला हे आणखी आवडेल अशी माझी खात्री होती. आणि याच क्रूझने मला सगळ्यात मोठी भीती दाखवली.

वेग १०० वर सेट होता. पुढे एक ट्रक ६५ ने चाललेला, त्याच्या मागे आमची गाडी आपोआप ६५ वर आलेली, आणि इतक्या हळुवार आलेली की १०० सेट आहे हे माझ्या डोक्यातून पूर्ण गेलं होतं. आम्हाला बाहेर पडायचा रॅम्प आला. गोल वळत खाली जाणारा, अरुंद. मी इंडिकेटर देऊन आत वळलो, ट्रक सरळ गेला. रडारच्या समोरचं सगळं मोकळं झालं. गाडीच्या दृष्टीने अडथळा गेला होता आणि मी तिला १०० सांगून ठेवलं होतं, तिने इमानाने इंजिनाला जोर दिला. वळणाच्या तोंडावर. सीटने पाठीला ढकललं, आईचा हात वरच्या हँडलवर गेला, माझा पाय ब्रेकवर होता तो दाबला गेला आणि गाडी सावरली. दोन सेकंदांचा खेळ. आई म्हणाली, "काय झालं रे?" मी खरं ते सांगितलं, की मला वाटलं गाडी बघतेय आणि गाडीला वाटलं मी बघतोय. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि त्या दिवशी पुढे तिला गाडी लागली.

घरी येऊन मॅन्युअल पूर्ण वाचलं, जे पहिल्याच दिवशी वाचायला हवं होतं. त्यात वळणांबद्दल, रॅम्पबद्दल स्पष्ट लिहिलेलं होतं. उभ्या गाड्यांबद्दलही. रडारला रस्त्यावरचे पूल, पाट्या, कठडे सगळंच दिसतं, त्या प्रत्येकाला घाबरून ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून जास्त वेगात असताना बऱ्याच सिस्टिम आधीपासून जागेवर स्थिर असलेल्या वस्तू सोडून देतात. म्हणजे पुढे चाललेला ट्रक हळू झाला तर कळेल, पण बंद पडून उभा असलेला ट्रक कळेलच असं नाही. हे ज्याला माहीत नाही त्याने ते बटण दाबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हे मी कोणालाही तोंडावर सांगतो.

त्यानंतर मी काही गोष्टी हाताला लावून घेतल्या. बाहेर पडायचा फाटा आला की एक किलोमीटर आधीच कॅन्सल. पण नुसतं कॅन्सल दाबलं की गाडी एकदम ओढ सोडते आणि बाजूच्याची मान पुढे जाते, म्हणून आधी पाय ॲक्सिलरेटरवर नेऊन, इंजिनाच्या आवाजात किंचित फरक ऐकू येईपर्यंत टेकवायचा, मग अंगठ्याने कॅन्सल, मग पाय हळूहळू उचलायचा. हातातलं भरलेलं भांडं दुसऱ्याच्या हातात देताना त्याची पकड बसलीय हे कळल्यावरच आपण सोडतो ना, तसं. आधी सेट केलेला वेग परत धरायला लावणाऱ्या रिझ्युम बटणाचंही तेच, ५० वर असताना दाबलं तर गाडी १०० कडे झेपावते, म्हणून आधी पायाने ९५ पर्यंत न्यायची आणि मग दाबायचं. ते जमायला मला दोनेक महिने लागले. मधल्या काळात आई बाजूला बसली की मी तिची मान बघायचो, तिच्या मानेइतकं अचूक मीटर गाडीत दुसरं नाही.

आणि क्रूझ नसतानाचा पायही बदलला. हे मी ठरवून केलं नाही. एकसारखा वेग अंगाला कसा लागतो ते एकदा कळल्यावर पायाला आपली चूक आधी कळायला लागली, काटा सुटायच्या आधी. पुढे बघायची नजरही लांब गेली. ट्रकचे दिवे लाल व्हायच्या आधी त्याच्याही पुढची गाडी हळू झालेली दिसते, मग पाय एवढासाच सैल होतो आणि ब्रेक लागतच नाही.

परवा आम्ही परत येत होतो. वाटेत पाऊस लागला म्हणून मी क्रूझ काढलं, आणि पाऊस थांबून रस्ता कोरडा झाला तरी का कोण जाणे परत लावलं नाही. खिडकीची काच पूर्ण वर होती, पर्स मागच्या सीटवर. वीसेक किलोमीटर गेल्यावर डोळे न उघडताच आई म्हणाली, "ते यंत्र लावलंयस ना?"

मी डॅशबोर्डकडे बघितलं. दिवा विझलेला.

"नाही गं, बंद आहे."

तिने डोळे उघडून एकदा माझ्या पायाकडे बघितलं, पदर सारखा केला, आणि परत डोळे मिटले. "बरं. चालू दे मग असंच."